खांद्यावरची सुईची भोकं

“ऑर्डर दाखवा,” अप्पा म्हणाले.

मी ते जर्मनमध्ये सांगितलं. फ्राउ टेस्केंनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग अप्पांकडे, आणि मग काउंटरवर पसरलेल्या त्या जुन्या खाकी कोटाकडे.

“कसली ऑर्डर?”

“बढतीची. कोटावर हुद्दा लावायचा तर आधी कागद दाखवावा लागतो. दुकानाचा नियम आहे.”

“पण हा माझ्या वडिलांचा कोट आहे. त्यांना जाऊन पंचावन्न वर्षं झाली.”

मी ते मराठीत सांगितलं. अप्पांनी गळ्यातली टेप काढून काउंटरवर ठेवली.

“वाईट झालं,” ते म्हणाले. “पण गेलेल्या माणसाला तर जास्तच विचारून लावलं पाहिजे. जिवंत माणसाचं चुकलं तर तो परत येऊन काढून घेईल.”

मागे काज करत बसलेले इस्माईलचाचा हसले. “मास्तर, ती बाई एवढ्या लांबून आलीय. तिलापण दारात उभी करणार?”

“त्या बिनकागदाच्या कर्नलसाहेबाला उभा केला होता तेव्हा तू चहा पाजलास ना? मग हिलाही पाज.”

चाचा खरंच उठले आणि चहा सांगायला गेले.

हे शहाऐंशी सालच्या डिसेंबरातलं. नगरला भिंगारच्या छावणीच्या तोंडाशी आमचं दुकान होतं, ‘माळवदे मिलिटरी टेलर्स’. अप्पांच्या आजोबांनी, रखमाजींनी ते सुरू केलं. मी चोवीस वर्षांची होते. पुण्यात चार वर्षं जर्मन शिकून घरी परतले होते आणि पुढे काय करायचं ते ठरत नव्हतं. ठरत नव्हतं असं मी लोकांना सांगायचे. मला जर्मनीत जाऊन शिकायचं होतं, हे मला पक्कं माहीत होतं. प्रवेशाचं पत्र माझ्या ट्रंकेत होतं. हवं होतं ते तिथल्या कुणाचं तरी हमीपत्र, आणि तिथे माझं कुणी नव्हतं.

अशात पुण्याच्या माझ्या जर्मनच्या बाईंचं पत्र आलं. एक जर्मन विधवा नगरला येते आहे. पहिल्या महायुद्धात तिचे वडील तिथल्या छावणीत कैदेत होते. ती जागा तिला बघायची आहे. तू तिच्याबरोबर फिरशील का?

फ्राउ टेस्के चौसष्ट वर्षांच्या होत्या. उंच, हाडं मोठी, पायांत पुरुषी बूट. पहिल्याच दिवशी त्यांनी मला विचारलं की तू काय वाचतेस, आणि मी सांगत गेले तशा त्या ऐकत गेल्या. संध्याकाळी त्या म्हणाल्या, “माझ्या घरात वरची खोली रिकामी आहे. विद्यापीठ रेल्वेने एक तासावर आहे. हमीपत्र म्हणजे काय, एक फॉर्म असतो.” एवढंच. पण त्यानंतर मी त्यांच्याशी बोलताना प्रत्येक वाक्य तोलू लागले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी कोट आणला. त्यांच्या गावात एक लहान संग्रहालय होतं, औषधांचं आणि शस्त्रक्रियांचं. तिथे लष्करी डॉक्टरांच्या हुद्द्यांवर एक दालन होणार होतं. सगळे काळ मिळाले होते, फक्त कैसरच्या काळातला जनरलआर्त्स्ट मिळत नव्हता. आर्त्स्ट म्हणजे डॉक्टर.

“माझे वडील जनरलआर्त्स्ट होते,” त्या म्हणाल्या. “खांद्यावरच्या पट्ट्या तेवढ्या हरवल्या. मला वाटलं, जिथे त्यांनी त्या घातल्या तिथेच नव्या करून घ्याव्यात.”

सोबत फोटो होता. एक सडपातळ माणूस बराकीच्या भिंतीला टेकून उभा. खांद्यांवर चांदीच्या दोऱ्याच्या जाड वेणीसारख्या पट्ट्या, प्रत्येकीवर दोन तारे आणि मधे सापाने वेढलेली काठी. मागे लिहिलं होतं : अहमदनगर, ऑक्टोबर १९१८.

“फोटो चालणार नाही?” मी अप्पांना विचारलं.

“फोटोत तर लोक घोड्यावरही बसतात.”

*

दुपारी दुकान रिकामं असायचं. अप्पा कोट मांडीवर घेऊन बसले होते. काम घेतलं नव्हतं, पण कोट परतही दिला नव्हता. त्यांनी बाही उलटी केली, शिवण बोटाने चाचपली, कॉलरचा वास घेतला.

“ड्रिलचं कापड चांगलं आहे,” ते म्हणाले. “तो कागद वाच बघू, तिने दिलेला. हुद्द्यांचा.”

संग्रहालयाची यादी होती. मी वाचत गेले आणि मराठीत सांगत गेले.

“सगळ्यात जुना फेल्डशेर. सैनिकांच्या दाढ्या करायच्या, आणि लढाईत पाय कापायचे. अधिकाऱ्यांचीही दाढी करायची.”

“हुद्दा?”

“काही नाही.”

“मग रेजिमेंटचा फेल्डशेर. मग जनरल सर्जन. नाव एवढं मोठं, पण बाकीच्या अधिकाऱ्यांत गणती नाही. लष्करातला नोकर म्हणूनच धरायचे. १८७३ साली प्रशियात डॉक्टरांचा वेगळा अधिकारीवर्ग झाला. तेव्हा कुठे ते अधिकारी झाले.”

“आपल्याकडे डॉक्टर कर्नल म्हणजे कर्नलच. मेजर म्हणजे मेजर,” अप्पा म्हणाले. “यांच्यात नावंच निराळी ठेवली?”

“निराळी. आणि फिरती. ऐका ना, गंमत आहे. कैसरच्या वेळी जनरलआर्त्स्ट म्हणजे कर्नलच्या बरोबरीचा. पुढच्या लष्करात तेच नाव एक पायरी वर सरकलं आणि मेजर जनरलच्या बरोबरीचं झालं. आणि कैसरच्याच वेळी जनरलओबरआर्त्स्ट नावाचा आणखी एक होता. नाव लांब, पण हुद्दा जनरलआर्त्स्टच्या खाली.”

“मग सगळ्यांत वर कोण?”

“आता? जनरलओबरश्टाब्सआर्त्स्ट.”

चाचांनी सुई थांबवली. “एवढं म्हणेपर्यंत पेशंट खलास.”

अप्पा हसले नाहीत. त्यांना काहीतरी वेगळंच कळायला हवं होतं. “हा डॉक्टर शिपायांना हुकूम देऊ शकतो का?”

मी खालची तळटीप शोधली. “आपल्या दवाखान्यातल्या माणसांना देऊ शकतो. लढणाऱ्या तुकडीला नाही. जनरल झाला तरी नाही.”

“म्हणजे खांद्यावर चांदी, पण कुणी ऐकलंच पाहिजे असं नाही.”

“हं.”

“आणि साधा डॉक्टर? एक तारा, दोन तारे?”

“तारा नाही तो असिस्टंट. एक तारा तो ओबरआर्त्स्ट, आपल्या लेफ्टनंटसारखा. दोन तारे म्हणजे कॅप्टनसारखा. या तिघांची पट्टी सपाट, अरुंद. मेजरपासून वर वेणी, रुंद.”

“सपाट, अरुंद,” अप्पा म्हणाले आणि पुन्हा कोटाच्या खांद्यावरून अंगठा फिरवला.

“मास्तर, आपला नंबर कधी येणार?” चाचा म्हणाले. “न्हाव्याचा जनरल झाला. शिंप्याचा?”

“तू आधी ते काज सरळ कर.”

*

संध्याकाळी मी सर्किट हाऊसवर गेले. फ्राउ टेस्के व्हरांड्यात खुर्ची टाकून बसल्या होत्या. मी विचारलं, काहीच कागद नाही का? नेमणुकीचं पत्र, लष्कराचं एखादं कार्ड?

त्यांनी चष्मा काढून पुसला. “दुसऱ्या युद्धात आमचं घर जळालं,” त्या म्हणाल्या. आणि मग, मी काही बोलायच्या आत, “मी नऊ वर्षांची होते ते गेले तेव्हा. मला त्यांचा आवाज आठवत नाही. आई सांगायची तेवढंच. अठरा सालच्या तापात त्यांनी अख्खी बराक रिकामी केली. सगळ्यांना तीन आठवडे उघड्यावर झोपवलं, पाणी उकळल्याशिवाय पिऊ दिलं नाही, भांडी वेगळी. चाळीस माणसांतली दोनच गेली. शेजारच्या बराकीत सोळा. म्हणून त्यांना जनरलआर्त्स्ट केलं.”

“कैदेत असताना?”

“आई असंच सांगायची.”

त्यांनी चष्मा पुन्हा घातला. “तुझे वडील करतील ना? मी शुक्रवारी निघते. तुझा फॉर्म मी जाऊन लगेच पाठवीन.”

या दोन वाक्यांचा एकमेकांशी संबंध आहे असं त्या म्हणाल्या नाहीत. मीच तो लावला. सायकलवरून घरी येताना वाटेत मी वाक्य तयार केलं, आणि जेवताना अप्पांना सांगितलं.

“कागद आहे तिच्याकडे. सर्किट हाऊसवर दाखवला मला. जुना आहे, फाटायला आलाय, म्हणून बाहेर काढत नाही.”

अप्पा भाकरी मोडत होते. “तू पाहिलास?”

“हो.”

“काय लिहिलंय?”

“जनरलआर्त्स्ट.”

“मग झालं,” ते म्हणाले आणि वरण मागितलं.

कागद नव्हता म्हणून लष्करातल्या कर्नलला त्यांनी अर्धा तास उभं ठेवलं होतं. मला दोन प्रश्न विचारले, आणि त्यांतला दुसरा कुतूहलाचा होता.

*

बुधवारी त्यांनी कलाबतू काढली. लग्नाच्या शेल्यांसाठी आणलेली चांगली चांदीची रिळं होती. फोटो समोर ठेवून, चष्म्यावर दुसरा चष्मा लावून, त्यांनी दिवसभर दोरे वळले. संग्रहालयाच्या यादीत रुंदीचं माप होतं, ते मी सेंटिमीटरमधून इंचांत करून दिलं. संध्याकाळपर्यंत दोन वेण्या तयार झाल्या. मी आजवर पाहिलेल्या त्यांच्या कामांतलं ते सगळ्यांत देखणं काम होतं. चाचा दोनदा उठून बघून गेले आणि एकदाही चेष्टा केली नाही.

मूळच्या पट्ट्या बटणावर आणि आडव्या बंदावर बसत असणार, पण कोटाचे बंद कधीच गेले होते. म्हणून अप्पांनी पट्टी खांद्यावर टाचून घ्यायचं ठरवलं. गुरुवारी सकाळी ते उजवा खांदा टाचत होते. मी शेजारी बसून वाचत होते.

सुई थांबली.

“हे गमतीचं आहे,” ते म्हणाले.

“काय?”

“सुई आपोआप जातेय. मी जिथे टाका घालतोय, तिथे आधीच भोक आहे.”

त्यांनी दोन टाके आणखी घातले, मुद्दाम न बघता, आणि कापड उजेडात धरलं. मग मला खिडकीपाशी बोलावलं.

“बघ. ही मधली पट्टी गडद आहे ना? अरुंद. दीड इंच. इथे वर्षानुवर्षं काहीतरी बसलं होतं, म्हणून खालचं खाकी विटलं नाही. हे पट्टीचं खरं माप. आणि ही भोकं बघ. गडद पट्टीच्या बाहेर, दोन्ही बाजूंनी. रुंद वेणी टाचलेली. पण वेणीखालचं कापड बाहेरच्याइतकंच विटलेलं आहे.”

“म्हणजे?”

“म्हणजे अरुंद पट्टी खूप दिवस होती. रुंद थोडेच दिवस.”

अप्पांनी कोट उलटा केला, खांद्याचं अस्तर बोटांनी उचललं आणि आत डोकावले.

“चाचा,” त्यांनी हाक मारली. आवाज बदललेला होता. “इकडे ये. हे काय आहे?”

चाचा वाकले. अस्तराच्या आत, जिथे गिऱ्हाइकाची नजर जात नाही, तिथे निळ्या दोऱ्याची एक बारीक फुली होती आणि तिच्यावर आडवा टाका.

आमच्या घरात प्रत्येक शिंप्याची एक खूण असते. अप्पांची दोन समांतर टाके. ही खूण मी दुकानातल्या एकाच वस्तूवर पाहिली होती, काचेच्या कपाटातल्या रखमाजींच्या जुन्या टोपीत.

चाचा हळूच म्हणाले, “या अल्ला. हा तोच जर्मन?”

अप्पा माझ्याकडे वळले.

“कालिंदी. तू कागद पाहिलास?”

हा तोच प्रश्न होता, जवळजवळ तेच शब्द. पण या वेळी ते विचारत होते.

“नाही.”

चाचा उठून आपल्या जागेवर गेले.

“हमीपत्रासाठी?”

मी त्यांना हमीपत्राबद्दल कधी सांगितलं नव्हतं. ट्रंकेतल्या पत्राबद्दलही नाही.

“हो.”

“मग मला म्हणायचं, अप्पा, मला जायचंय, नियम मोडा. मी मोडला असता की नाही, माहीत नाही. पण कागद आहे म्हणायचं नाही.”

त्यांनी उजवा खांदा माझ्यापुढे धरला. “उसव.”

मी ब्लेड घ्यायला हात पुढे केला.

“ब्लेड नको. सुईने. एक एक टाका. कापडाने आधीच एकदा सोसलंय.”

मला दीड तास लागला. तेवढ्या वेळात त्यांनी तीन गिऱ्हाइकं केली, एका जवानाच्या पँटची उंची घेतली, त्याच्याशी त्याच्या गावच्या पावसाबद्दल बोलले. माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही. मी दोरा ओढून काढत होते आणि प्रत्येक टाक्याखाली ते जुनं भोक दिसत होतं. कडा गोल, धागे बाजूला सरकलेले, एकही तुटलेला नाही. मग माझ्या लक्षात आलं, आणि मी बोलायचं नाही असं ठरवलं असूनही बोलले.

“अप्पा, हेसुद्धा उसवलेलं आहे. तेव्हाही. कापलेलं नाही.”

“हं,” ते म्हणाले. “तिला बोलाव.”

*

फ्राउ टेस्के चारला आल्या. कोट काउंटरवर होता, खांदे मोकळे. दोन्ही वेण्या शेजारी कागदावर ठेवलेल्या.

“सगळं सांग,” अप्पा मला म्हणाले. “मी जे बोलेन ते, आणि तू जे केलंस तेही.”

मी आधी माझं सांगितलं. तुम्ही कागद दाखवलात असं मी यांना खोटंच सांगितलं. त्यांनी मान हलवली; त्यांना कळलं की नाही, ते मला समजलं नाही.

मग अप्पांनी रखमाजींची गोष्ट सांगितली. आमच्या घरात ती सगळ्यांना पाठ होती. रखमाजींना त्या वेळी कैद्यांच्या छावणीत आत जाऊन शिवायचा पास होता. अठरा सालच्या दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी एका जर्मन डॉक्टरने त्यांना थांबवलं. भाषा येत नव्हती. त्याने पेन्सिलीने कागदावर वेणी काढून दाखवली, दोन तारे काढले आणि स्वतःच्या खांद्यावर बोट ठेवलं. रखमाजींनी काही विचारलं नाही. मंदिलाच्या कलाबतूतून पट्ट्या वळल्या आणि तिथेच टाचून दिल्या. दिवाळीच्या आत त्याच माणसाने परत बोलावलं. आता काढ. रखमाजींनी कातर काढली, तर त्याने हात धरला. खुणेने सांगितलं, कापू नकोस, उसव. काम संपेपर्यंत समोर उभा राहिला. आणि तिथून सरळ इंग्रज साहेबाच्या ऑफिसात गेला.

“का?” फ्राउ टेस्केंनी विचारलं.

“कबूल करायला. मी लावून घेतलं होतं, म्हणून. त्याचं काय झालं ते आम्हाला माहीत नाही. माझ्या आजोबांचा पास गेला. एक वर्ष गेटबाहेर. लोकांची लाकडं फोडली त्यांनी त्या वर्षी. त्यानंतर हा नियम झाला, की आधी ऑर्डर दाखवा. पण त्या माणसाला ते कशासाठी हवं होतं, हे माझ्या आजोबांना मरेपर्यंत कळलं नाही. ते म्हणायचे, मिरवायचं असतं तर उतरवलं नसतं.”

मी शेवटचं वाक्य भाषांतरित केलं तेव्हा फ्राउ टेस्केंनी पर्स उघडली, आतला कप्पा उघडला, कप्प्यातलं पाकीट उघडलं, आणि चार घड्यांचा एक कागद काउंटरवर ठेवला.

“घर जळालं होतं,” त्या म्हणाल्या. “हा जळाला नव्हता.”

सुटकेचा दाखला होता, १९२० चा. मी वाचला. नाव, जन्मतारीख आणि हुद्दा : ओबरआर्त्स्ट.

“एक तारा,” मी अप्पांना सांगितलं.

“मला वाटायचं कारकुनाची चूक आहे,” फ्राउ टेस्के म्हणाल्या. “वडिलांनी आईला बढती कळवली होती, दाखल्यात तेवढी लिहायची राहिली. मी तीन कार्यालयांना पत्रं लिहिली. तिघांनीही तेच कळवलं. मी तिघांवरही विश्वास ठेवला नाही.” त्या फोटो बघत होत्या. “म्हणजे माझे वडील खोटं बोलले.”

मी हे मराठीत सांगताना अप्पांकडे पाहू शकले नाही.

“ताप कधी आला होता?” अप्पांनी विचारलं.

“ऑक्टोबरात.”

“बराक त्यांनी कधी रिकामी केली?”

“तेव्हाच. ऑक्टोबरच्या मध्यावर.” आणि मग त्यांचा हात फोटोवरच थांबला.

अप्पा सावकाश बोलत होते, मला वेळ मिळावा म्हणून. “एका ताऱ्याचा पोरगा डॉक्टर. चाळीस माणसांना सांगतोय, गादी उचला आणि थंडीत बाहेर झोपा. त्यांत त्याच्याहून मोठे असतील, वयाने, हुद्द्याने. कोण ऐकणार? तुमच्याच कागदात लिहिलंय, डॉक्टरचं कुणी ऐकलंच पाहिजे असं नाही. मग एके दिवशी तो कर्नलच्या बरोबरीचा होऊन आला. म्हणाला असेल, पत्र आलं, बढती झाली. हुकूम देता येत नसला तरी एवढी चांदी बघून माणसं ऐकतात.”

मी सांगितलं. मधेच माझं मलाही कळत गेलं, आणि वाक्य पूर्ण करताना मी थांबले.

“माणसं वाचवली म्हणून त्यांना जनरलआर्त्स्ट केलं नाही,” फ्राउ टेस्के हळू म्हणाल्या. “माणसं वाचावीत म्हणून ते झाले.”

“उसनं घेतलं,” अप्पा म्हणाले. “काम झाल्यावर परत केलं. टाका न तोडता.”

फ्राउ टेस्केंनी अप्पांकडे बघून एक वाक्य म्हटलं, आणि मी ते तसंच सांगितलं : तुमच्या आजोबांचं एक वर्ष माझ्या वडिलांमुळे गेलं, त्याबद्दल मी काय करू?

“त्या बराकीत दोनच गेले म्हणालात ना?”

“दोन.”

“मग वर्ष फुकट नाही गेलं. आजोबांना हे कळायला हवं होतं, एवढंच.”

चाचांनी नाक पुसलं आणि म्हणाले, “आता तरी चहा गरम पिऊ द्या बाईला.”

*

अप्पांनी त्या रात्रीतच सपाट पट्ट्या केल्या, दीड इंची, एका ताऱ्याच्या. शुक्रवारी सकाळी बसल्या त्या बरोबर गडद कापडावर, सुतभरही इकडेतिकडे नाही. कापडातली जुनी भोकं ओलं फडकं आणि इस्त्री फिरवून बुजवता येतात; कुठलाही शिंपी ते न सांगता करतो. अप्पांनी केलं नाही. मला म्हणाले, “तिला सांग, ही बुजवू नका म्हणावं. आणि या वेण्याही न्या म्हणावं. कोटाला लावायच्या नाहीत. शेजारी ठेवायच्या.”

हमीपत्राचा विषय कुणीच काढला नाही. गाडीत बसताना फ्राउ टेस्केंनी माझा हात हातात घेतला आणि सोडला. मी दुकानात परत आले. अप्पा म्हणाले, “ते ट्रंकेतलं पत्र आण. मला वाचून दाखव.” मी पूर्ण वाचलं, अर्जाच्या अटींसकट. त्यांनी दोन ठिकाणी थांबवून पुन्हा वाचायला लावलं.

फॉर्म मार्चमध्ये आला, सही केलेला.

ते दालन मी पुढे अनेकदा पाहिलं. फेल्डशेरचा वस्तरा आणि हाड कापायची करवत, जनरल सर्जनचा तोरा मिरवणारा एक झगा, मग रांगेने खांद्यांच्या पट्ट्या, वर वर सोनेरी होत जाणाऱ्या. आणि एका टोकाला एकट्या काचेत विटका खाकी कोट, एका ताऱ्याचा, शेजारी दोन चांदीच्या वेण्या. दिवा असा लावला होता की भोकं दिसावीत. खालच्या पाटीवर नाव, आणि त्याखाली : ओबरआर्त्स्ट. १९१८ च्या शरदात तीन आठवडे जनरलआर्त्स्ट, हुकमाशिवाय. त्याखाली बारीक अक्षरांत दोन नावं होती : शिंपी, रखमाजी माळवदे आणि अनंत माळवदे, अहमदनगर. अनंत म्हणजे अप्पा.

तिथला फोटो मी अप्पांना पाठवला होता. त्यांनी कळवलं की भोकं चांगली दिसतायत.

अप्पा गेल्या माघात गेले. अठ्ठ्याऐंशी वर्षांचे होते. मी पोचले तेव्हा सगळं झालं होतं. तिसऱ्या दिवशी माझा चुलतभाऊ प्रभंजन वर्तमानपत्रात द्यायचा मजकूर घेऊन आला. फोटो, तारखा, आणि नावाखाली ठळक अक्षरांत : ‘भारतीय लष्करात प्रदीर्घ सेवा’.

“हे कुठून आणलंस?” मी विचारलं.

“ताई, साठ वर्षं त्यांनी लष्कराचंच काम केलं की. अख्खी छावणी त्यांना सलाम करायची. मी काय खोटं लिहिलंय?”

तो चांगला मुलगा आहे. त्याचं काकांवर प्रेम होतं. आणि खरं सांगायचं तर ती ओळ मला वाचायला बरी वाटली. मी ती दोनदा वाचली. फ्राउ टेस्केंनी तीन कार्यालयांना पत्रं का लिहिली असतील, ते मला तेव्हा कळलं.

मग मी कागद त्याच्यापुढे केला.

“ऑर्डर दाखव,” मी म्हणाले.